प्रवेशाची तारीख



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांच्यासमोर तबल्याची जोडी मांडून बसण्याचे भाग्य मला वयाच्या सातव्या वर्षी लाभले. परंतु त्यांच्या ओसरीवर बसण्याचा माझा शिरस्ता त्याहून निदान दीड-दोन वर्षे जुना होता, कारण माझे वडील दर गुरुवारी तेथे भजनाला जात आणि मला सांभाळावयास घरी कोणी नसल्याने बरोबर नेत. त्या दीड-दोन वर्षांची नोंद कोणत्याही वहीत नाही. त्या काळात मी काही शिकलो असे मला, माझ्या वडिलांना किंवा खुद्द गुरुजींनाही वाटले नसेल. मी बहुधा पेंगत असे, प्रसादाच्या वाटीवर लक्ष ठेवून असे, आणि कोणी हाती टाळ दिलाच तर तो बेतालपणे आपटून मोठ्यांची बोलणी खात असे. आज या वयात मागे वळून पाहताना मात्र माझ्या शिक्षणाचा आरंभ कोठून धरावा याविषयी मी पुरता साशंक आहे. आणि हीच शंका आजच्या व्याख्यानाचा विषय व्हावी, अशी परवानगी मी कार्यवाहांकडून मागून घेतली आहे.

विषयाला निमित्त झाले ते एका मातेचे. साडेतीन वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन त्या माझ्याकडे आल्या आणि बसण्यापूर्वीच त्यांनी विचारले, “बुवा, याला उशीर तर झाला नाही ना?” मुलगा कडेवरून उतरून तबल्यावरची हातोडी तोंडात घालण्याच्या खटपटीत होता. त्या बाईंचा प्रश्न हास्यास्पद होता असे मी म्हणणार नाही, कारण त्यामागची चिंता खरी होती. शेजारच्या मुलीला कीबोर्डच्या वर्गात घातले आहे, कोणीतरी सांगितले आहे की सहाव्या वर्षानंतर मेंदूची कवाडे बंद होतात, आणि ती लोटली जाण्यापूर्वी आपले मूल आत सरकवले पाहिजे, अशा धास्तीने त्या आल्या होत्या. पूर्वीचे आईबाप विचारीत, “हा नादाला लागून अभ्यास तर बुडवणार नाही ना?” दोन पिढ्यांत भीती अशी पार उलटी झाली.

हा वयाचा प्रश्न आपल्याकडे मुळात आला कोठून, हे पाहिले पाहिजे. बीनकाराच्या, सारंगियाच्या किंवा गुरवाच्या घरी तो कोणी कधी विचारल्याचे मी ऐकले नाही. तेथे मूल पाळण्यात असताना रियाज चालू असतो, रांगू लागले की ते वाद्याच्या खोळीवर झोपते, आणि एके दिवशी बापाने बाजूला ठेवलेल्या वाद्याला हात घालून ते एखादा बरा आवाज काढते, तेव्हा घरच्यांना आनंद होतो, पण आश्चर्य वाटत नाही. मातृभाषा कोणत्या महिन्यात शिकवावयास घ्यावी हा प्रश्न जसा कोणाच्या मनात येत नाही, तसाच हाही येत नाही. घराण्याबाहेरचा शिष्य आला तर उस्ताद त्याचे वय न विचारता त्याची चिकाटी तपासत. पाणी भरणे, चिलीम भरणे, सांगाती म्हणून हिंडणे यांत वर्षे जात, आणि त्यानंतर केव्हातरी गंडा बांधला जाऊन गूळ-चणे तोंडात पडत. त्या पद्धतीत जुलूम फार होता, आणि तिचे गोडवे गाणाऱ्यांपैकी मी नाही. परंतु प्रवेशाची तारीख असा काही रकाना तिच्या दप्तरात नव्हता, एवढेच मला येथे नमूद करावयाचे आहे.

तो रकाना आला तो विद्यालयांबरोबर. विष्णु दिगंबर पलुसकरांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापन केले, तेव्हा संगीत नियत वेळ, नियत अभ्यासक्रम, नियत शुल्क आणि परीक्षा यांच्या बंदोबस्तात आले, आणि गुरूच्या घरी पाणी भरण्याची ज्याला सवड किंवा इच्छा नव्हती अशा पांढरपेशा कुटुंबातील मुलामुलींना ते खुले झाले. हा उपकार इतका मोठा आहे की त्यापुढे माझी आजची तक्रार क्षुल्लक ठरावी. मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांच्या पायाशी बसून, जुन्या शिस्तीचा सगळा काच सोसून जे तयार झाले, त्यांनीच पुढच्यांसाठी ती वाट रुंद केली, ही गोष्ट मला नेहमी हृद्य वाटते. तरीपण वर्ग म्हटला की इयत्ता आली, इयत्ता म्हटली की वय आले. आणि ज्या घरात यापूर्वी गाणे-बजावणे नव्हते त्या घरात ते पावतीच्या मार्गाने शिरू लागल्यामुळे, पावतीवरची तारीख हाच आरंभ अशी समजूत हळूहळू रूढ झाली.

वयाची मुदत बांधून देण्याची हौस आपल्याला तशी जुनीच. धर्मशास्त्रकारांनी उपनयनासाठी ब्राह्मणाला आठवे, क्षत्रियाला अकरावे आणि वैश्याला बारावे वर्ष मुक्रर केले. ज्यांच्या हातून या देशातील बहुतेक वाद्ये वाजली त्यांची या यादीत गणनाच नाही, ही गोष्ट अलाहिदा. पण त्याच शास्त्रकारांनी या तिघांना अनुक्रमे सोळा, बावीस आणि चोवीस वर्षांपर्यंतची सवलतही देऊन ठेवली होती. आठवे वर्ष आपल्या ध्यानात राहिले आणि ही सवलत आपण विसरलो, यात मला आपल्या स्वभावाचेच काही दिसते.

आता हाताकडे वळू, कारण हाताचे वय ही कल्पना नव्हे, ती मोजपट्टीने मोजण्याची वस्तू आहे. सतार सुमारे चार फूट लांब. भोपळा मांडीवर टेकवून उजव्या कोपराने त्याला आधार द्यावयाचा आणि डावा हात दांडीच्या टोकापर्यंत पोहोचवावयाचा, एवढे केवळ बसण्यासाठी लागते, वाजविण्याची गोष्ट पुढेच. बाजाची तार पोलादाची. ती पडद्यावर दाबून बाजूला खेचल्याशिवाय मींड निघत नाही, आणि त्या खेचण्यात बोटांच्या पेरांवर आधी चरे पडतात, मग घट्टे पडतात. सहा वर्षांच्या मुलाच्या बोटाला हे सोसत नाही, आणि सोसले तरी ते मूल मींड टाळून केवळ पडद्यांवर टकटक करावयास शिकते, जी सवय पुढे मोडता मोडत नाही. बासरीत निराळी अडचण. पन्नालाल घोषांनी रागदारीसाठी लांब, खर्जाची बासरी प्रचारात आणली, आणि तिची छिद्रे झाकण्यासाठी मोठ्या माणसाची बोटेही ताणावी लागतात. मुलाला आखूड, चढ्या सुराची बासरी द्यावी लागते, आणि प्रत्येक दोन-तीन वर्षांनी ती बदलताना बोटांतील अंतराचा हिशेब नव्याने जमवावा लागतो. शिवाय फुंकीच्या कोणत्याही वाद्याला ओठांमागे दात हवेत. सहा-सात वर्षांचे वय हे पुढचे दुधाचे दात पडण्याचे. त्या वयात मुलाच्या तोंडी सनई किंवा क्लॅरिनेट देणारा शिक्षक एक तर दयाळू नसावा किंवा त्याने त्या मुलाला तोंड उघडावयास लावलेले नसावे.

पेटीचे बरे. पट्टी दाबली की सूर येतो, तोही आयता. आणि म्हणूनच ती पहिली द्यावी की देऊ नये याविषयी आमच्यात दोन तट आहेत. मला विचाराल तर, ज्या मुलाने आधी तंबोऱ्याशी किंवा कोणा माणसाच्या गळ्याशी सूर मिळवून पाहिलेला नाही त्याला पेटी देणे म्हणजे बेरीज येण्यापूर्वी तयार उत्तरांचे पुस्तक देणे होय. हे मत गोविंदराव टेंब्यांची पेटी ज्यांनी ऐकली त्यांना रुचणार नाही, याची मला जाणीव आहे. पण टेंब्यांच्या पेटीमागे टेंब्यांचा कान होता.

तबल्याच्या बाबतीत आपल्या परंपरेने एक अशी तजवीज करून ठेवली आहे की तिचे महत्त्व आम्हां तबलजींनाही नेहमी ध्यानात राहत नाही. आमचे वाद्य आधी तोंडाने वाजते. ‘धा’ उमटण्यासाठी उजव्या तर्जनीने चाटेवर आणि डाव्या पंजाने डग्ग्यावर एकाच क्षणी नेमका आघात व्हावा लागतो, आणि पाच वर्षांच्या मुलाचा तळवा डग्ग्यावर घसारा देऊ शकेल एवढा जडही नसतो. पण तेच मूल ‘धा धा तिट धा धा तिना’ अचूक लयीत म्हणू शकते, हातावर टाळी-खाली दाखवू शकते, आणि दुगुणीत म्हणावयास सांगितले तर हसत हसत जीभ अडखळवून घेते. गुरुजींनी मला पहिले सहा महिने तबल्याला बोट लावू दिले नाही. मी शाळेला जाताना कायदा म्हणत जाई, आणि फाटकापाशी सम आली नाही तर पुन्हा कोपऱ्यापर्यंत मागे जाई. तेव्हा ती शिक्षा वाटे. नंतर जेव्हा हात मिळाला, तेव्हा त्या हाताला काय वाजवावयाचे हे आधीच ठाऊक होते, आणि माझ्याबरोबरची जी मुले थेट जोडीवर बसली होती ती बोल आणि बोट दोन्ही एकदम शिकण्याच्या ओढाताणीत मागे पडली.

तेव्हा हाताच्या वयाविषयी कोणी माझ्याकडून लेखी दाखलाच मागितला, तर मी असा देईन: तबला सहा-सातव्या वर्षी, व्हायोलिन मापाचे मिळाल्यास त्याच सुमारास, पेटी सात-आठला, सतार आणि बासरी नऊ-दहाला, सनई बाराच्या आत नको. यातील प्रत्येक आकड्याला दोन वर्षांची सूट दोन्ही बाजूंनी आहे, आणि मुलाचा पंजा न पाहता हा दाखला ग्राह्य धरू नये.

लहान मापाच्या वाद्याचा विषय निघालाच आहे, म्हणून मिरजेची एक गोष्ट सांगतो. हत्यारांना धार लावण्याचा शिकलगारीचा धंदा ज्या घराण्यात होता त्यातील कारागिरांनी तेथे सतारी-तंबोरे घडविण्यास आरंभ केला, आणि आज तो व्यवसाय त्या गावाची ओळख होऊन बसला आहे. भोपळा वेलावरच पुरता पिकू द्यावा लागतो, मग महिनोन्महिने वाळवावा लागतो; कोवळा तोडला तर चिरतो. या गोष्टीवरून बालशिक्षणाचा दृष्टान्त काढण्याचा मोह मला तरुणपणी झाला होता, आणि एका भाषणात मी तो काढलाही होता. पुढे एकदा तेथील एका दुकानात लहान तंबोऱ्यासाठी निवडून ठेवलेले भोपळे पाहिले आणि मी भीतभीत विचारले, हे कच्चे असताना तोडलेले काय? कारागीर माझ्याकडे पाहतच राहिला. “कच्चे कशाला? लहान आहेत, पण पुरे पिकलेले आहेत,” असे म्हणून त्याने एकावर टिचकी मारून दाखविली. तेव्हापासून तो दृष्टान्त मी देत नाही.

लहान मापाच्या वाद्यावर ज्यांनी एक संपूर्ण शिक्षणपद्धती उभी केली ते जपानचे शिनिची सुझुकी. जन्म १८९८चा, नागोया शहरी, आणि वडिलांचा व्हायोलिन बनविण्याचा कारखाना. दुसऱ्या महायुद्धानंतर मात्सुमोतो येथे त्यांनी तीन-चार वर्षांच्या मुलांना व्हायोलिन शिकविण्यास आरंभ केला, पूर्ण मापाच्या सोळाव्या हिश्श्याचे म्हणविले जाणारे चिमुकले वाद्य त्यांच्या हाती दिले, आणि जपानी मूल जपानी भाषा शिकते तसेच ते संगीतही शिकेल असा सिद्धान्त मांडला. जगभर त्यांचे नाव ‘तिसऱ्या वर्षी आरंभ’ या एका गोष्टीशी जोडले गेले. पण त्यांच्या वर्गात मुलाच्या हाती वाद्य लगेच येत नसे. आधी आईने शिकावयाचे, घरी तबकड्या लावावयाच्या, मुलाने इतरांचे वाजविणे बसून पाहावयाचे, आणि मूल आईच्या हातातले व्हायोलिन ओढू लागले की मग त्याला त्याचे द्यावयाचे. माझ्या गुरुजींच्या ओसरीहून हे फारसे निराळे नव्हते. आणि खुद्द सुझुकी? कारखान्याच्या मालकाच्या या मुलाला व्हायोलिन ही एक लाकडी वस्तू वाटत असे. सतराव्या वर्षी मिशा एल्मन यांनी वाजविलेली शूबर्टची एक तबकडी त्यांनी ऐकली, त्या स्वराने ते थक्क झाले, आणि घरातलेच एक वाद्य उचलून स्वतः वाजविण्याच्या खटपटीला लागले. सतराव्या वर्षी आरंभ केलेल्या माणसाच्या नावाने आपण साडेतीन वर्षांच्या मुलांना घाई करीत आहोत.

शास्त्रज्ञांचेही ऐकले पाहिजे, कारण त्या बाईंच्या धास्तीचे मूळ तेथेच आहे. १९९५ साली गॉटफ्रीड श्लाउग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वादकांच्या मेंदूंची मोजणी करून असे दाखविले की ज्यांनी सातव्या वर्षापूर्वी आरंभ केला होता त्यांच्यात मेंदूचे दोन अर्ध जोडणाऱ्या तंतुसेतूचा पुढला भाग अधिक मोठा असतो. या निष्कर्षाला माझी हरकत नाही. हरकत आहे ती त्यातून काढल्या जाणाऱ्या हुकमाला. सातव्या वर्षापूर्वी ज्याच्या हाती वाद्य येते त्याच्या घरात बहुधा संगीत असते, आईबापांना सवड असते, आणि चाळिशीला पोहोचेतो त्याच्या गाठी सरावाची वर्षेही इतरांहून अधिक असतात. यांपैकी कोणत्या कारणाने तो सेतू रुंदावला, हे वेगळे काढणे सोपे नाही. दुसरा मुद्दा निरपेक्ष स्वरज्ञानाचा, म्हणजे कोणताही सूर कानी पडताच त्याचे नाव सांगण्याच्या शक्तीचा. ही शक्ती बहुधा ज्यांनी फार लहानपणी आरंभ केला त्यांच्यातच आढळते, हे खरे. पण आपला षड्ज कोठेही बसतो. गायिकेचा काळी चारला, गायकाचा पांढरी एकला, आणि तबला त्यांच्या मागून मिळविला जातो. ज्याला केवळ एकच ‘सा’ खरा वाटतो अशा साथीदाराची आपल्या मैफलीत पंचाईतच व्हावयाची.

उशिरा आरंभ केलेल्यांची नावे सांगून धीर देण्याची पद्धत आहे, आणि ती नावे मोठी असल्याने मीही सांगतो, परंतु थोड्या सावधगिरीने. रविशंकर १९३८ साली मैहरला अल्लाउद्दीन खाँसाहेबांकडे राहावयास गेले तेव्हा अठरा वर्षांचे होते. पण दहाव्या वर्षापासून ते बंधू उदयशंकर यांच्या नृत्यपथकात वाढले होते, आणि रोज संध्याकाळी वाद्यवृंदाच्या गराड्यात उभे राहण्यात आठ वर्षे गेली होती. शिवकुमार शर्मांनी संतूर हाती धरले तेराव्या वर्षी, मात्र वडिलांकडे गाणे आणि तबला पाचव्या वर्षापासून चालू होते. म्हणजे वाद्याचा आरंभ उशिरा, पण कानाचा नव्हे, अशी माझी मांडणी येथवर सुरेख जुळते. आणि नेमक्या याच ठिकाणी हरिप्रसाद चौरसिया ती विसकटून टाकतात. वडील अलाहाबादचे पहिलवान, घरी आखाड्याची माती, मुलाने कुस्ती करावी हा बापाचा आग्रह. आणि हा मुलगा पंधराव्या वर्षी चोरून एका शेजाऱ्याकडे गाणे शिकू लागला, नंतर बासरीकडे वळला. या उदाहरणाचे मी काय करावे? मैहरलाच अल्लाउद्दीन खाँसाहेबांनी १९१८च्या साथीत पोरकी झालेली मुले गोळा करून त्यांचा वाद्यवृंद उभा केला, त्या मुलांच्या घरी तरी कोणते घराणे होते? माझा सिद्धान्त बहुसंख्यांना लागू पडतो आणि काहींना मुळीच पडत नाही, अशी कबुली देऊन मी पुढे जातो.

कारण खरी गळती लहान वयात होतच नाही. ती तेराव्या-चौदाव्या वर्षी होते. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण अशा पायऱ्या मूल आईच्या बोटाला धरून चढते; मध्यमाच्या सुमारास बोट सुटते, मिसरूड फुटते, दहावीचे वर्ष दिसू लागते, आणि एके दिवशी जोडी माळ्यावर जाते. चाळीस वर्षांत अशी कितीतरी मुले माझ्यापुढून गेली. त्यांपैकी जी टिकली त्यांचा प्रवेश पाचव्या वर्षी होता की दहाव्या, यावरून मला कधीच अंदाज बांधता आला नाही; ज्यांनी त्या तेराव्या-चौदाव्या वर्षी स्वतःहून, कोणी न सांगता, एखादी रेकॉर्ड शंभर वेळा ऐकली होती ती मात्र हटकून टिकली. त्या वयातील मुलाला ‘आता फार उशीर झाला’ असे सांगणारा शिक्षक मी एका ठिकाणी पाहिला आहे. त्याचे आणि त्या वर्गाचे नाव मी घेणार नाही, परंतु तो मुलगा माझ्या परिचयाचा होता आणि त्याने पुन्हा वाद्याला हात लावला नाही.

त्या मातेला मी काय सांगितले, हे आपण विचाराल. मी म्हणालो, “फी तूर्त नको, दर गुरुवारी संध्याकाळी याला घेऊन येत जा, येथे भजन असते.” “आणि तेव्हा आपण याला काय शिकवाल?” त्यांनी विचारले. काही नाही, असे मी सांगताच त्यांच्या चेहऱ्यावर जी निराशा उमटली तीवरून त्या परत येणार नाहीत हे मी ओळखले, आणि त्या आल्याही नाहीत.

त्याच महिन्यात एक गृहस्थ आले. मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले, वय अठ्ठावन्न, हातात नवी वही. “आमच्या लहानपणी असले काही नव्हते, आता सवड आहे, पण या वयात हात वळेल का?” असे त्यांनी फार संकोचाने विचारले. मी त्यांची बोटे पाहिली. लेखणी धरून धरून ताठरलेली होती, आणि तर्जनी स्वतंत्रपणे उचलावयास सांगितली तर शेजारची दोन तिच्याबरोबर उठत. त्यांना उत्तर काय द्यावे हे न सुचल्याने मी वेळ काढण्यासाठी जोडी पुढे ओढली आणि साधा धुमाळीचा ठेका धरला. गृहस्थ नकळत मांडीवर टाळी देऊ लागले. आठ मात्रांचे आवर्तन फिरत होते, आणि दर खेपेस पाचव्या मात्रेवर त्यांचा हात मांडीवर न पडता हवेत उघडा होत होता. मी लय वाढविली, मग एकदम ठाय केली. हात चुकला नाही. ही खाली आपणांस कोणी शिकविली, असे मी विचारले. “खाली म्हणजे काय?” ते म्हणाले. मग थोडे आठवून त्यांनी सांगितले की त्यांच्या खेड्यात एकादशीला विठोबाच्या देवळात भजन असे, आजोबा पखवाजाच्या मागे बसत, आणि नातवाला झोप येऊ नये म्हणून हाती टाळ देत. तेव्हा वय असेल चार-पाच वर्षांचे.

मी कपाटातून पावतीपुस्तक काढले. त्यांचे नाव लिहिले, वाद्याच्या रकान्यात ‘तबला’ लिहिले. पुढचा रकाना प्रवेशाच्या तारखेचा होता, आणि त्यावर लेखणी टेकवून मी इतका वेळ थांबलो की त्या गृहस्थांनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहून मला आजची तारीख सांगितली.